लेबलवर नाही म्हणजे पोटात नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी पावणेसहा.
झोप नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, खोटं कशाला लिहू. कारण चीज क्रॅकर. काल संध्याकाळी चार खाल्ले. पाकिटावर हसरी गाय होती, म्हटलं गाय हसतेय म्हणजे काय वाईट असणार. मग उजवीकडे खाली, हाडाच्या आत, कोणीतरी पान्यानं नट आवळतंय असं सुरू झालं. माझी पोर, मुंगी, जवळ झोपलेली, म्हणून उशीचं टोक तोंडात धरलं.
आजपासून ही वही. शनिवारी डाएटवाल्या ताईंनी सांगितलं, काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं, सगळं लिहायचं. सहा आठवडे. या डाएटला लो फॉडमॅप म्हणतात. मी नीट समजून घेतलंय. काही काही वस्तू पोटात गेल्या की आंबतात आणि पोट फुगतं. कांदा, लसूण, गहू, दूध, मध, सफरचंद. भात चालतो. बटाटा चालतो. सोपं आहे. घरचं जेवण सोडा, खरा चोर पाकिटात असतो, आणि पाकिटातलं मला कोण शिकवणार? सात वर्षं पाकिटांना लेबलं लावतेय.

तोच दिवस, सकाळी सात.
ताईंनी दिलेला कागद स्वयंपाकघराच्या कपाटाला चिकटवला. एका बाजूला चालेल आणि चालणार नाही, छापलेलं. मागच्या बाजूला त्यांनी पेनानं काहीतरी लिहिलं होतं आणि लिहिता लिहिता बोलतही होत्या, पण तेवढ्यात मुंगीनं वजनकाट्यावर उड्या मारल्या, मी तिला धरायला गेले. महत्त्वाचं असतं तर छापलेलं नसतं का? मागच्या बाजूला आमच्या कारखान्यातला डिंक फासला, चारही कोपरे दाबले. आमचा डिंक म्हणजे एकदा बसला की बसला.
ताईंना दाखवायला वेगळी वही करीन. चांगल्या अक्षरात, चांगले दिवस. ही फक्त माझी.
ही वही माझ्या भावाच्या, दादाच्या औषधाच्या दुकानातली, गिऱ्हाइकांना फुकट देतात ती. पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव, नंबर. त्यावर आमच्या राइस चिप्सचं लेबल मारलं. रोज सकाळी उठून त्याचं तोंड कशाला बघायचं? फोनमधून तर त्याचा नंबर मागच्याच महिन्यात काढून टाकलाय.

४ मार्च, मंगळवार. रात्री नऊ.
फोनमध्ये ते अॅप घेतलं. पाकिटाच्या काळ्या रेघांवर धरायचं, टीं वाजतं, हिरवं, पिवळं किंवा लाल. फुकटात दिवसाला पाचच वेळा. म्हणजे विचार करून धरायचं.
आजचे पाच: क्रीम बिस्किट लाल. नाचोज लाल. मुंगीचं सफरचंदाचं ज्यूस लाल. शुगर फ्री गोळ्या लाल (शुगर नाही तर लाल कशाला? आत कसलीशी दुसरीच साखर असते म्हणे). शेंगदाण्याची चिक्की पिवळी.
मुंगी पाचवं वाजल्यावर रडली, आणखी टीं कर म्हणून. मग आम्ही तोंडानं टीं केलं. तिनं चप्पल हिरवी केली, बादली लाल केली.
पोट: ठीक. म्हणजे काल होतं त्याच्यापेक्षा ठीक.

५ मार्च, बुधवार.
सापडलं! आमचेच राइस चिप्स, साधं मीठ. हिरवा गोल! तांदूळ, तेल, मीठ, बस्स. अॅपमध्ये खाली लिहिलंय, तीस ग्रॅमपर्यंत हिरवं. पाकीट दीडशे ग्रॅमचं. मी पाच वेळा तीस तीस खाल्लं, मध्ये थोडं थांबून. पाचही वेळा हिरवं.
कारखान्यात कोपरे फुटलेली पाकिटं आम्हा बायकांना घरी न्यायला देतात. आठ आणली.

६ मार्च, गुरुवार. सकाळी सहा.
उजवीकडे तेच. पण जरा वर. म्हणजे हलतंय. हलतंय म्हणजे गॅस. गॅसच हलतो.
हे काल रात्री फोनवर होते. टँकर घेऊन लांब गेलेत, बावीस तारखेला येतील. म्हणाले, आवाज का बारीक झालाय? मी म्हटलं, मीच बारीक झालेय, आवाज कुठून जाड येणार. खूप हसले. मग म्हणाले, दादाला एकदा फोन कर. मी म्हटलं, ऐकू येत नाहीये, रेंज गेली. रेंज चांगली चार काड्या होती.
दादाचं सांगते, म्हणजे डोक्यातून जाईल. मागच्या महिन्यात आला होता, माझ्या ताटातला भात तसाच बघितला आणि म्हणाला, तू आईसारखं करू नकोस. एवढंच. मोठ्या डॉक्टरकडे चल, माझ्या ओळखीचे आहेत, फोटो काढू पोटाचा. मी म्हटलं, माझ्या घरी येऊन आईचं नाव काढायचं नाही, आणि चहा न देता घालवला. उंबऱ्यावरून म्हणाला, आई पण गॅसच म्हणत होती.
हात दाखवून अवलक्षण कशाला? आई गेली तेव्हा त्रेचाळीसची होती. मी सव्वीस. गॅस वेगळा आणि ते वेगळं.

७ मार्च, शुक्रवार.
निश्चय: उद्यापासून चिप्स फक्त तीन वेळा तीस.
निश्चय: रोज सकाळी चालणे.
पोट: ठीक. चाललं नाही. म्हणजे मी चालले नाही.

८ मार्च, शनिवार. दुपार.
खालच्या मजल्यावरची शिवणवाली काकू ब्लाउज घेऊन वर आली. दोन महिन्यांपूर्वीच्या मापाचा, आत हात जाईल एवढा सैल. टाचण्या तोंडात धरून म्हणाली, अगं, माप मी घेतलं होतं का तुझ्या सासूनं? मी म्हटलं, काकू, लोक बारीक व्हायला किती खटपट करतात, मला आपोआप होतंय. ती हसली नाही. टाचण्या काढल्या आणि कपाटाखालची पाकिटं बघितली. म्हणाली, तुझं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मी म्हटलं, म्हैस कोणाला म्हणता? म्हणाली, म्हैस बरी, तिला दुखलं तर ओरडते तरी.
बोलणं लागलं. तिला दोन चिप्स दिले. खाऊन म्हणाली, कांदा आहे का गं यात?
लेबलवर नाही. लेबलवर नाही म्हणजे पोटात नाही. मी स्वतः लावलंय.

१० मार्च, सोमवार. दुपारची सुट्टी, कारखाना.
आज लेबलाच्या टेबलावर उभं राहवेना. स्टूल मागितलं. आमच्या सुपरवायझरला टाचणी म्हणतात, कारण कुठेही बसला तरी दुसऱ्याला टोचतो. म्हणाला, बसून लेबल तिरकं लागतं. मी बसून हजार लावली, एक तिरकं निघालं तर सांग म्हटलं. मोजायला आला, एक सापडलं नाही. जिंकले.
मिक्सिंगच्या खोलीतून डोळ्याला झोंबणारा वास येतोय. सगळ्याजणी डोळे पुसतायत. मी पण पुसले. काहीतरी साफ करत असतील.

११ मार्च, मंगळवार. सकाळी.
लाल. संडासात. घाबरले, तिथंच बसून राहिले. मग आठवलं, बीटाचे चिप्स! मुंगीच्या पाकिटातले. बीट खाल्लं की लाल होतंच, सगळ्यांना होतं. आता हसू येतंय. एवढी घाबरले मी.
ताईंच्या वहीत लिहायचं नाही. उगाच बीट लाल यादीत टाकतील.

१२ मार्च, बुधवार. सकाळी.
आज पण. बीट मंगळवारी खाल्लं होतं का सोमवारी? मुंगीला विचारलं, ती म्हणाली, आई, ते पाकीट तर शनिवारीच संपलं, तू मला दिलंच नाहीस दुसरं.
चार वर्षांचं पोर, तिला वार काय कळतात.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.
मोठी गोष्ट कळली. सगळं उलगडलं.
चहाला मिक्सिंगवाली मावशी शेजारी बसली. हात पिवळे, नखात पावडर. मी सहज म्हटलं, काय झोंबतंय तुमच्या खोलीतून? म्हणाली, कांदा पावडर, दुसरं काय. राइस चिप्सची चव बदलली ना महिन्यापूर्वी, लोकांना अळणी लागत होते. मी म्हटलं, लेबलवर तर नाही. ती म्हणाली, नवं लेबल छापून यायचंय. तोपर्यंत टाचणीनं सांगितलंय, जुने रोल संपवा. संपवतंय कोण, तूच की.
मी कप खाली ठेवला. कांदा. सगळ्यात लाल वस्तू. अॅप जुन्या रेघा वाचतं, हिरवं म्हणतं. मी स्वतःच्या हातानं खोटं लावलं आणि स्वतःच्या हातानं खाल्लं. आठातली सहा पाकिटं!
टाचणीला जाऊन सांगितलं, हे बरोबर नाही, कोणाला चालत नसेल तर? म्हणाला, तुला चालत नाही का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग खाऊ नकोस, लाव.
राग आला, पण खरं सांगू, किती हलकं वाटलं. रडूच आलं बसमध्ये. म्हणजे सगळं कांद्यानं होत होतं! दादा नाही, आई नाही, कांदा! आता कांदा बंद, दुखणं बंद. उरलेली पाकिटं कचऱ्यात. कानाला खडा.

१४ मार्च, शुक्रवार.
फक्त भात, मीठ, उकडलेला बटाटा. पाकीट एकही नाही. पोट: दुखतंय, पण तो जुना कांदा असणार. निघायला दोन दिवस लागत असतील.

१५ मार्च, शनिवार.
भात, मीठ. तीन घास. जुना कांदा अजून आहे.
अंग गरम वाटतंय. चुलीजवळ उभं राहिलं की होतंच.

१६ मार्च, रविवार. सकाळी दहा.
चुलीजवळ गेलेच नाही, तरी गरम.
मुंगी डॉक्टर-डॉक्टर खेळत होती. मी पडलेली, तिनं फोन माझ्या पोटावर धरला. इकडे धरला, तिकडे धरला. मी म्हटलं, काय गं, हिरवं की लाल? म्हणाली, वाजतच नाही. आई, तुझ्यावर लेबलच नाही.
हसले तर इतकं दुखलं की तिला बाहेर पाठवलं, जा, बाहुलीला वाजव.
आई पण अशीच एका कुशीवर पडायची, गुडघे पोटाशी घेऊन. मी आणि दादा तिच्या पाठीला पाठ लावून बसायचो, तो गणितं करायचा. आम्ही विचारलं की म्हणायची, गॅस आहे रे नुसता, अभ्यास करा. मी अभ्यास केला नाही. दादानं केला.
हे पोटाच्या वहीत कशाला लिहितेय.

१७ मार्च, सोमवार. दुपार.
कारखान्यात गेले नाही. सात वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मुंगी झाली तेव्हा.
भात एक घास. पाणी. जुना कांदा चार दिवसांत निघायला पाहिजे होता, मी बोटांवर मोजलं. मग दुसरं काय? मीठ? मिठाचं पाकीट फोनला दाखवलं. हिरवं. तांदळाचं पोतं दाखवलं. हिरवं. साबण दाखवला, हात धुताना पोटात जात असेल म्हणून. साबण त्यांच्याकडे नाही म्हणे. पाचातले दोन टीं उरले होते. घरात दाखवायला काही उरलं नाही.
निश्चय: हे बावीसला आले की बघू. पाचच दिवस आहेत. ताईंचे सहा आठवडे कुठे झालेत अजून.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी अकरा.
वांती दोनदा. उभं राहताना सरळ होता येत नाही, कपाटाला धरून काटकोनात चालतेय. मुंगी मागे मागे तशीच वाकून चालली, तिला खेळ वाटला.
काकू आली. कपाळाला हात लावला आणि लगेच काढला, तव्याला लागल्यासारखा. म्हणाली, आता ऐकणारेस का? मी म्हटलं, थोडं पडू द्या मला, तेवढं पोरीला बाजारात घेऊन जा. मुंगी फोनशिवाय हलेना, टीं करायचं असतं तिला. फोन देऊन टाकला. काकू म्हणाली, पाचपर्यंत येते, तोपर्यंत उठलीस तर बघच. जाताना दार नुसतं ओढून घेतलं.

तोच दिवस. सव्वाबारा.
थांबलं!
एकदम थांबलं. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दुखणं गेलं. गेलंच. दोन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ श्वास घेतला. गेला शेवटचा कांदा. मी म्हणत होते ना? दादाला सांगायला पाहिजे, बघ, निघाला ना गॅस. ताईंच्या वहीत हा दिवस लाल पेननं लिहीन, म्हणजे हिरव्या पेननं.
आता चहा करते, कोरा. मग मुंगीसाठी बटाटा.

तोच दिवस. दीडला असेल.
चहा झाला नाही. थंडी वाजतेय, दात वाजतायत. पोट आता दुखतंय सगळीकडे, आणि हात लावला तर पाटासारखं. कडक. माझं पोट मऊ असायचं, मुंगी त्यावर डोकं ठेवून झोपायची.
जमिनीवर बसलेय, कपाटाला टेकून. कागदाच्या बरोबर समोर. चालेल, चालणार नाही. चालेल, चालणार नाही. सगळं पाठ आहे. मागे काय लिहिलं होतं ते पाठ नाही.
सुरी घेतली. डिंक आमचा. खालचा कोपरा खरवडून सोडवला, ओढला, कागद फाटला, अर्धा कपाटालाच राहिला. जेवढा सुटला तेवढ्यावर ताईंचं पेनाचं अक्षर आहे, गोल गोल, मला वाचता यावं म्हणून मोठं काढलंय.
हे डाएट या गोष्टींसाठी नाही. ताप. रक्त. वजन उतरणं. झोपेतून उठवणारं दुख
इथं फाटलंय. खाली एकच ओळ उरलीय.
वाट बघू नका. त्याच दिवशी

तोच दिवस.
जिन्यात कोणी नाही. हाक मारली, आवाज माझ्याच ओठापर्यंत येतो. बावीस तारीख लांब आहे. पाच पण लांब आहेत.
ही वही कोणासाठी नव्हती. आता आहे. दाराखालून बाहेर सरकवतेय, अर्धी आत अर्धी बाहेर, पाय लागेल अशी. दार लोटलं की उघडतं.
काकू असाल तर काकू, पोस्टमन असाल तर पोस्टमन, मीटर बघायला आला असाल तर तुम्ही. आधी मुंगीला आत येऊ देऊ नका. मग माझ्या दादाला फोन करा. नंबर पुठ्ठ्यावरच आहे, चिप्सच्या लेबलाखाली. नखानं निघणार नाही, मी लावलंय. कोपऱ्यावर थोडं गरम पाणी टाका आणि सावकाश सोलत जा, ओढू नका, ओढलं तर आकडे फाटतील.
तो उचलेल. दुकानात असतो, लगेच उचलतो. त्याला म्हणा, तुमची बहीण म्हणतेय, गॅस नाहीये.